पिट्सबर्गचे काउंटी कोर्टहाउस कसे बघावे: दारातून नव्हे, आतल्या चौकातून

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ग्रँट स्ट्रीटवरून ॲलेगेनी काउंटी कोर्टहाउसच्या दारात शिरले की बहुतेकांचा हिरमोड होतो. बाहेरून किल्ल्यासारखी दांडगी इमारत आणि आत मात्र बुटके छत, अरुंद बोळ, मेटल डिटेक्टरची रांग. 'एवढं नाव ऐकलं ते हेच का?' असे म्हणून लोक पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. चूक इमारतीची नाही. तुम्ही तिच्या तळघरातून आत आलेले असता. इमारत बांधून पंचवीस वर्षे झाल्यावर समोरचा रस्ता खाली गेला, इमारत होती तिथेच राहिली आणि मूळचा प्रवेशमजला एक मजला वर लटकला. हे आधी माहीत असले की काय बघायचे, कुठल्या क्रमाने बघायचे, ते आपोआप ठरते.

पुढे दिलेला क्रम अडीच ते तीन तासांचा आहे. कामकाजाच्याच दिवशी जा. शनिवार-रविवारी आणि सरकारी सुट्टीला इमारत बंद असते, आणि नवखे लोक नेमके वीकेंडला जाऊन बाहेरचा दगड तेवढा बघून येतात. हे चालू कोर्ट आहे, संग्रहालय नाही. चाव्यांच्या जुडग्यातला छोटा चाकूसुद्धा तपासणीत अडतो, तो घरीच ठेवा. कोर्टरूममध्ये फोटो काढायला बंदी आहे. बोळात काढायचा असेल तरी पहारेकऱ्याला आधी विचारा. सोबत आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण आणि वही-पेन्सिल पुरते. लाइट रेलने आलात तर स्टील प्लाझा स्टेशनवर उतरा, तिथून कोर्टहाउस चालत पाच मिनिटांवर आहे.

जाण्याआधी एवढा इतिहास पुरे

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आणि काउंटी कोर्टहाउस म्हणजे जिल्हा न्यायालय. अमेरिकेत खून, घटस्फोट, मृत्युपत्र, जमिनीचा तंटा असे रोजचे बहुतेक सगळे खटले याच पातळीवर चालतात. ॲलेगेनी काउंटी स्थापन झाली २४ सप्टेंबर १७८८ रोजी. पहिले कोर्टहाउस मार्केट स्क्वेअरमध्ये विटांचे होते. दुसरे ग्रँट्स हिल या टेकडीवर जॉन चिस्लेटच्या आराखड्याप्रमाणे ग्रीक देवळाच्या धाटणीत उभे राहिले. ते ७ मे १८८२ रोजी जळाले. टेकडीचे नाव मेजर जेम्स ग्रँटवरून पडले आहे. १७५८ साली फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूलनिवासी योद्ध्यांनी इथे त्याचा दणकून पराभव केला. हरलेल्या माणसाचे नाव टेकडीला आणि पुढे शहराच्या मुख्य रस्त्याला मिळावे, हे जरा गमतीचेच.

आगीनंतर पाच वास्तुरचनाकारांना निमंत्रण देऊन स्पर्धा घेतली गेली. १८८४ च्या सुरुवातीला बॉस्टनजवळ काम करणाऱ्या हेन्री हॉब्सन रिचर्डसनचा आराखडा निवडला गेला. बांधकामाचे कंत्राट वूस्टरच्या नॉरक्रॉस ब्रदर्सकडे गेले, रक्कम २२ लाख ४३ हजार डॉलरच्या वर. मागचा तुरुंग १८८६ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी २७ एप्रिलला मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्याने रिचर्डसन गेला, वय ४७. कोर्टहाउस त्याच्या कचेरीतल्या शेप्ली, रुटन आणि कूलिज यांनी पुरे केले आणि काउंटीच्या शंभराव्या वाढदिवशी, २४ सप्टेंबर १८८८ रोजी, त्याचे लोकार्पण झाले.

म्हणून 'रिचर्डसनने १८८८ मध्ये बांधले' असे लिहू नका. आराखडा १८८३-८४ चा, तुरुंग १८८६ चा, कोर्ट १८८८ चे, आणि शेवटची दोन वर्षे तो हयात नव्हता.

पहिला थांबा: रस्त्यापलीकडे, फ्रिक बिल्डिंगपाशी

कोर्टहाउसच्या चारी बाजूंना चार रस्ते आहेत: समोर ग्रँट, मागे रॉस, बाजूंना फिफ्थ आणि फोर्ब्स ॲव्हेन्यू. समोरची बाजू साधारण पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी ती सावलीत असते. फोटो महत्त्वाचे असतील तर सकाळी मागची बाजू आणि तुरुंग, दुपारी तीननंतर समोरची बाजू असा क्रम उलटा लावा.

ग्रँट स्ट्रीटच्या पलीकडच्या फुटपाथवर उभे राहा आणि आत जायची घाई करू नका. आधी जुनी जमीन शोधायची. पद्धत सोपी आहे. मधल्या प्रवेशकमानींवर नजर ठेवा आणि मनाशी एक आडवी रेघ ओढत दोन्ही कोपऱ्यांपर्यंत जा. एका पातळीच्या वर दगडांचे थर, खिडक्या, कमानी सगळे एकमेकांच्या प्रमाणात आहे. त्याखाली दारांचे पाय उगीच लांबलेले वाटतात, एखादा माणूस टाचा उंचावून उभा असावा तसे. ती रेघ म्हणजे १८८८ ची जमीन. आपल्याकडे वाड्याला जोते असते, त्या जोत्याखालची माती कुणी खणून नेली आणि वाडा तसाच ठेवला, असा हा प्रकार आहे.

झाले असे की ग्रँट्स हिलचा उरलेला उंचवटा, ज्याला इथले लोक 'हंप' म्हणत, गाड्याघोड्यांना चढायला त्रासाचा होता. १९१३ च्या सुमारास तो कापून काढला. काही ठिकाणी रस्ता पंधरा-सोळा फूट खाली गेला. कोर्टहाउसचा समारंभाचा दरवाजा हवेत राहिला. मग कमानी खाली रस्त्यापर्यंत ओढल्या गेल्या आणि तळघर हा प्रवेशमजला झाला.

तुम्ही ज्या इमारतीला पाठ लावून उभे आहात, ती फ्रिक बिल्डिंग १९०२ ची, वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅमच्या कचेरीची. तिचेही तेच झाले: तळघर उघडे पडून दारी आले. एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच इजा झालेली दिसते. ती ओळखता आली की पुढे कुठल्याही जुन्या शहरात रस्ता खाली गेला की वर आला, हे पटकन कळते. दार फार उंच आणि अंगावर आलेले असेल तर रस्ता खाली गेलेला असतो. खिडकीचा उंबरठा फुटपाथला टेकला असेल तर रस्ता वर आलेला असतो.

आता मनोरा. जवळ उभे राहून रुंद लेन्सने फोटो काढला की मनोरा मागे कोसळतो आहे असे दिसते. फिफ्थ ॲव्हेन्यूने दोनशे-तीनशे पावले दूर जाऊन लांबूनच काढा.

दुसरा थांबा: दगडाला हात लावा

फोर्ब्सच्या बाजूने वळसा घालून रॉस स्ट्रीटला या. समोर तुरुंगाची भिंत आहे. दगड वाचायला हीच जागा सर्वांत चांगली, कारण इथे नक्षीकाम जवळजवळ नाही.

हा मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा गुलाबी ग्रॅनाइट. हातभर अंतरावरून बघा: गुलाबीसर फेल्डस्पार, काचेसारखा करडा क्वार्ट्झ आणि मध्ये मध्ये काळ्या अभ्रकाचे ठिपके. मुंबई उच्च न्यायालयाचा निळसर काळा बेसाल्ट ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना फरक लगेच कळेल. बेसाल्टमध्ये असे सुटे दाणे डोळ्यांना दिसत नाहीत.

आता तळहात दगडाच्या तोंडावरून फिरवा. तोंड खाणीतून फोडल्यासारखे ओबडधोबड आहे, पण दोन दगडांमधला सांधा सरळ रेघेत आहे. हा आळशीपणा नव्हे. कडा छिन्नीने बरोबर घडवायच्या आणि मधले तोंड मुद्दाम खडबडीत ठेवायचे, ही रिचर्डसनची सवय होती. त्यामुळे उन्हात भिंतीवर सावल्यांचे तुकडे पडतात आणि नक्षी नसूनही भिंत कोरी वाटत नाही. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, ही सावली मरते आणि भिंत सपाट दिसते. ऊन तिरपे असताना बघा.

कमानीपाशी थांबून पाचरीसारखे दगड मोजा. आधी डाव्या बाजूचे, मग उजव्या, मग मधला कळीचा दगड असेल तर तो. त्यांची लांबी बघा, म्हणजे कमानीच्या आतल्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंतची. रिचर्डसनच्या कमानीत हे दगड भलतेच लांब असतात, त्यामुळे कमान भिंतीत खोदलेली न वाटता तिनेच भिंत तोलून धरली आहे असे वाटते. कमानी गोल आहेत, टोकदार नाहीत. म्हणजे ही शैली रोमनेस्क, गॉथिक नव्हे. आपल्याकडच्या वाचकांची इथे हमखास गफलत होते, कारण मुंबईत ब्रिटिशांच्या काळातले दगडी कोर्ट म्हटले की १८७१ ते १८७८ या काळात कर्नल फुलरने उभारलेले गॉथिक उच्च न्यायालयच डोळ्यांसमोर येते. तिथल्या कमानी टोकदार आहेत. दोन्ही इमारतींत दहाच वर्षांचे अंतर आहे, पण घराणी वेगळी.

तुरुंगाची सगळी भिंत रिचर्डसनची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेडरिक ऑस्टरलिंगने तुरुंग वाढवला, तोही मूळ धाटणी इतकी सांभाळून की जोड शोधायला वेळ लागतो. थरांची उंची बदलते का, दगडाची छटा फिकी-गडद होते का, हे बघत भिंतीच्या कडेने चाला. सापडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ऑस्टरलिंगचा उद्देशच तो होता.

रॉस स्ट्रीटवरून वर बघितले की कोर्ट आणि तुरुंग जोडणारा बंद दगडी पूल दिसतो. व्हेनिसच्या पुलावरून त्याला 'ब्रिज ऑफ साइज' म्हणतात, उसाशांचा पूल. कैद्याला रस्त्यावर न आणता थेट न्यायाधीशापुढे न्यायची ही सोय होती. ३० जानेवारी १९०२ रोजी याच तुरुंगातून एड आणि जॅक बिडल हे भाऊ पळाले. त्यांना मदत केली होती खुद्द तुरुंगाधिकाऱ्याची बायको केट सॉफेल हिने, आणि तीही त्यांच्याबरोबर गेली. भाऊ लवकरच गोळीबारात जखमी होऊन पकडले गेले आणि मेले. ती वाचली आणि शिक्षा भोगून आली. गाइड हीच गोष्ट रंगवून सांगतात. ऐका, पण तेवढ्यासाठी भिंत बघायची राहू देऊ नका.

तुरुंग १९९५ मध्ये बंद झाला. २००० पासून तिथे कौटुंबिक न्यायालय आहे आणि कोठड्यांचा एक भाग छोटे संग्रहालय म्हणून राखला आहे. ते रोज उघडे नसते. पिट्सबर्ग हिस्टरी अँड लँडमार्क्स फाउंडेशनच्या संकेतस्थळावर वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर बंद दारावरून परत यावे लागते.

तिसरा थांबा: चौक

आता कोर्टहाउसमध्ये शिरा आणि तपासणी झाली की सरळ मधल्या चौकात जा. वर जायचा मोह आवरा. इमारत आयताकार आहे आणि मध्ये उघडे अंगण, अगदी चौसोपी वाड्यासारखे. हेतूही तोच: खोल इमारतीच्या पोटात उजेड आणि वारा यावा. १९७० च्या दशकात इथे झाडे, बाके आणि कारंजे आले. आता वकील इथे डबा खातात.

समोरच्या बाजूपेक्षा चौकातल्या भिंती जास्त चांगल्या आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रँट स्ट्रीटकडे रिचर्डसनला काउंटीचा रुबाब दाखवायचा होता. इथे त्याने गोल कमानींच्या ओळीवर ओळ रचली आणि हात आखडता घेतला. खालून वर मोजत जा. प्रत्येक मजल्याला कमानींची रुंदी आणि संख्या कशी बदलते ते वहीत टिपा. फोटो काढला की ते सगळे 'छान कमानी' होऊन जाते. पेन्सिलने पाच रेघा मारल्या तरी प्रमाण हातात येते.

मग चौकाच्या रॉस स्ट्रीटकडच्या टोकाला जाऊन, पाठ भिंतीला टेकवून, मोठा मनोरा बघा. उंची अडीचशे फुटांच्या आसपास. दुर्बिणीने वरची उघडी जागा शोधा. तिथे घंटा नाही. तो इमारतीच्या नाकपुडीचा भाग आहे.

हे जरा सावकाश समजून घ्या, कारण सगळ्या इमारतीतली डोक्याची गोष्ट हीच. १८८० च्या पिट्सबर्गमध्ये पोलादाच्या भट्ट्यांचा आणि दगडी कोळशाचा धूर इतका असे की रस्त्याच्या पातळीवर खिडकी उघडणे म्हणजे काजळी घरात घेणे. खटला चालू असलेल्या खोलीत पन्नास-साठ माणसे कोंडलेली. मग हवा कुठून आणायची? वरून. मोठ्या मनोऱ्याने धुराच्या थराच्या वरची हवा ओढायची, ती खाली तळाशी न्यायची आणि तिथून नळ्यांनी खोल्यांत सोडायची. वापरलेली हवा मागच्या दोन छोट्या मनोऱ्यांतून बाहेर जायची. गरम हवा वर चढते, त्यामुळे उंच धुराड्यात ओढ तयार होते. आपल्या चुलीवरच्या धुराड्याचे जे तत्त्व, तेच इथे. मोठा मनोरा श्वास घ्यायला, मागचे दोन सोडायला.

म्हणून 'मनोरा शोभेचा' असे कुणी म्हणाले तर मागच्या जोडीकडे बोट दाखवा. वहीत तिन्हींचे चित्र एका पानावर काढून बाण टाका, आत कुठून आणि बाहेर कुठून.

चौथा थांबा: वर जा

आता जिना. खालच्या बुटक्या मजल्यावर रेंगाळू नका. एक मजला वर गेलात की तुम्ही रिचर्डसनच्या खऱ्या प्रवेशमजल्यावर आलात. इथे छत एकदम उचलते आणि फिकट दगडाचा भव्य जिना समोर येतो. जिन्याच्या कमानी वेगवेगळ्या दिशांना उडी घेतात. एका ठिकाणी उभे राहून सगळ्या दिसत नाहीत. जिन्यातल्या पहिल्या सपाट टप्प्यावर थांबून मागे वळा, मग पुढच्या टप्प्यावर खाली बघा. दोन्हीकडे नजरेच्या चौकटीत किती कमानी एकाआड एक बसतात ते मोजा. वर जाताना उजवीकडून जा, कारण फाइलींच्या गाड्या आणि घाईतले वकील तुमच्या कमानींसाठी थांबणार नाहीत.

भिंतींवर व्हिन्सेंट नेसबर्टने १९३० च्या दशकात हाती घेतलेली मोठी चित्रे आहेत. बघा, पण वेळ कमी असेल तर सोडा. इमारतीशी त्यांचा संबंध पातळ आहे.

कोर्टरूम एकच बघायची असेल तर ३२१ क्रमांकाची. बऱ्याच खोल्यांची उंची नंतर खोटे छत टाकून कापली गेली आणि लाकूडकाम बदलले गेले. ही एक मूळच्यासारखी पुन्हा घडवली आहे. कामकाज चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसायला सहसा हरकत नसते, कारण खटले जनतेसाठी खुले असतात. फोन बंद, टोपी काढलेली, आणि आत-बाहेर करायचे तर न्यायाधीश बोलत नसताना. दारावर बंदीची पाटी असेल तर पुढे व्हा.

ज्युरी ड्युटीचा, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसण्याचा, समन्स आल्यामुळेच या इमारतीत पहिल्यांदा पाय ठेवणारे मराठी लोक पिट्सबर्गमध्ये कमी नाहीत. तसे असेल तर जेवणाच्या सुट्टीत चौक आणि जिना एवढे दोन नक्की होतात.

स्वतःच्या काउंटीचे कोर्टहाउस असेच वाचायचे असेल तर

या इमारतीच्या छायेत अमेरिका-कॅनडात बरीच सरकारी बांधकामे झाली. मिनियापोलिसचे सिटी हॉल आणि हेनेपिन काउंटी कोर्टहाउस, सिनसिनाटीचे सिटी हॉल, आणि टोरांटोचे ई. जे. लेनॉक्सने बांधलेले ओल्ड सिटी हॉल बघा, घराणे ओळखू येईल. तुमच्या गावी असे काही असेल तर पायांनी जाण्याआधी कागदांनी जा.

सुरुवात लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या डिजिटल संग्रहापासून करा. १९३३ मध्ये सुरू झालेल्या हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हेचे फोटो आणि मोजमापाचे नकाशे तिथे फुकट मिळतात, पिट्सबर्गच्या कोर्टहाउसचेही. मग सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे काढा. त्यात रंगांची भाषा असते: गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. एकाच जागेचे दहा-पंधरा वर्षांच्या अंतराचे दोन नकाशे शेजारी ठेवले की कुठला भाग नंतर जोडला ते चटकन दिसते. विटेच्या इमारतीला दगडी तोंड लावलेले असले तर तेही उघडे पडते. जुने वर्तमानपत्र उद्घाटनाच्या तारखेसाठी वापरा, पण खर्चाच्या आकड्यासाठी काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांची इतिवृत्ते बघा, कारण वर्तमानपत्रात मंजूर रक्कम येते आणि इतिवृत्तात प्रत्यक्ष चुकती केलेली.

कोनशिलेवरचे साल मात्र वहीत 'पूर्ण झाले' या रकान्यात लिहू नका. ती पायाभरणीच्या दिवशी बसवलेली असते. इमारतीत कोर्ट प्रत्यक्ष कधी बसले, ते खटल्यांच्या रजिस्टरमध्ये नव्या पत्त्यावरची पहिली नोंद सापडली की कळते.